नाशिकच्या मुलांना ‘कायद्याचा बालेकिल्ला’ पुरेसा आहे का? पालक स्वयंसेवक काय करू शकतात?

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांचे व्हिडिओ राज्यभर मोबाइलवर फिरत होते. ताब्यात घेतलेले संशयित कॅमेऱ्यासमोर उभे राहून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असं म्हणताना त्यात दिसत होते. त्यावर रील्स झाले, मीम्स झाले, दुसऱ्या शहरांतले लोकही ‘आमच्याकडे कधी?’ असं विचारू लागले.

खून, हाणामाऱ्या आणि वाहनांच्या तोडफोडीला कंटाळलेल्या अनेक नाशिककरांना त्या कारवाईने दिलासा मिळाला, हे खरं आहे. पण पोलिसांचं काम मुळात गुन्हा घडल्यानंतर किंवा घडण्याच्या बेतात असताना सुरू होतं. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, म्हणजे मुलगा नववीत असताना, शाळा बुडवायला लागलेला असताना आणि वस्तीतल्या ‘भाई’चे स्टेटस लाइक करत असताना त्याच्याशी कोण बोलतं?

घरचे बोलतात, पण या वयात घरच्यांचं ऐकून घेतलं जातंच असं नाही. शिक्षक बोलतात, पण त्यांच्यासमोर साठ मुलांचा वर्ग असतो. अशा वेळी आई-वडील नाहीत, शिक्षक नाहीत आणि पोलीसही नाहीत, असं एखादं मोठं माणूस मुलाच्या आयुष्यात असलं तर फरक पडतो का? शाळेतल्या किंवा वस्तीतल्या दुसऱ्या मुलाच्या आईने किंवा बाबांनी ही जबाबदारी घेतली तर? कायदा त्याला जागा देतो का? आणि त्यात धोके कोणते?

१४ ते १८ : सगळ्यात नाजूक वर्षं, सगळ्यात कमी आधार

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार, देशभरात कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीनांपैकी ७८.६ टक्के मुलं १६ ते १८ या वयोगटातली होती. म्हणजे दर पाचपैकी जवळपास चार.

शाळागळतीचे आकडेही याच वयाकडे बोट दाखवतात. केंद्र सरकारच्या यूडायस प्लस २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर गळतीचं प्रमाण २.३ टक्के आहे, सहावी ते आठवीत ते ३.५ टक्के होतं आणि माध्यमिक टप्प्यावर एकदम ८.२ टक्क्यांवर जातं.

यामागे एक कायदेशीर कारणही आहे. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. आठवीपर्यंत मूल शाळेत आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर आहे. त्यानंतर ती पकड सैल होते. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा आठवीपर्यंतच असल्याने मुलाला शाळाही बदलावी लागते. ओळखीचे शिक्षक, ओळखीचे मित्र आणि घराजवळची शाळा हे तिन्ही एकाच वेळी सुटतं.

नाशिकमध्ये त्यात आणखी काही गोष्टींची भर पडते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे कामगारवस्ती मोठी आहे. आई-वडील दोघेही कामावर जातात, पाळ्या बदलतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतली अनेक कुटुंबं हंगामात द्राक्षबागांच्या किंवा शहरातल्या बांधकामांच्या कामाला बाहेर पडतात आणि मुलांच्या शाळेचा धागा तुटतो.

अमली पदार्थांचा प्रश्नही दूरचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला मेफेड्रोन, म्हणजे एमडी, बनवणारा कारखाना उघडकीस आणला. जप्त मालाची किंमत सुमारे ३०० कोटी रुपये सांगण्यात आली होती. त्यानंतर हा विषय नाशिकच्या घराघरांत पोहोचला.

मेंटॉर म्हणजे नेमकं कोण?

मेंटॉर या शब्दाला मराठीत मार्गदर्शक म्हटलं जातं. पण मार्गदर्शक म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो माइक घेऊन बोलणारा पाहुणा. दहावीनंतर काय, यावर तासभर भाषण, हार-नारळ, आभार आणि चहा. हे मेंटॉरिंग नव्हे.

मेंटॉरिंग म्हणजे एका मोठ्या माणसाने एका मुलाशी किंवा चार-पाच मुलांच्या छोट्या गटाशी ठरलेल्या वेळी, नियमित आणि दीर्घकाळ संबंध ठेवणं. शिकवणी घेणं हा त्याचा भाग असू शकतो, पण मुख्य काम ऐकून घेणं हे असतं. मुलाने मागच्या आठवड्यात काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवणं, पुढच्या आठवड्यात त्याबद्दल विचारणं, आयटीआयचा फॉर्म कधी भरायचा किंवा जातीच्या दाखल्यासाठी कुठे जायचं अशा साध्या गोष्टींत सोबत करणं.

वस्तीत अशा माणसाला कुणी मेंटॉर म्हणत नाही. मुलं त्याला काका म्हणतात, तिला मावशी किंवा ताई म्हणतात. क्रिकेटची टीम बांधणारे, गणेश मंडळात मुलांना कामाला लावणारे, अभ्यासिका उघडी ठेवणारे असे काका आणि ताई प्रत्येक भागात असतात. मुद्दा त्यांच्या कामाला शाळेशी जोडण्याचा आणि त्याला शिस्त लावण्याचा आहे.

ही कल्पना जगात रुजली तीही बालन्यायालयातून. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात काम करणारे अर्नेस्ट कूल्टर यांनी न्यायालयात येणाऱ्या मुलांची रांग पाहून आपल्या ओळखीच्या लोकांना एक विनंती केली होती. प्रत्येकाने फक्त एका मुलाशी मैत्री करा. त्यातून पुढे ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था उभी राहिली.

नाशिकला हे नवीन आहे का?

नाही. नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर दुसऱ्याच्या मुलाची जबाबदारी घेणाऱ्या लोकांनीच तो घडवला आहे. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली, तेव्हा खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शहरात राहून शिकता यावं, हा मोठा प्रश्न होता. कर्मवीर रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ यांच्या पिढीने वसतिगृहं आणि शाळा उभ्या केल्या. १९३७ मध्ये दादासाहेब बिडकर यांनी डांग सेवा मंडळाच्या माध्यमातून आदिवासी भागातल्या मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं.

त्या काळी वसतिगृहाचा रेक्टर हा आजच्या भाषेतला मेंटॉरच होता. मुलगा आजारी पडला, गावाकडे पळून गेला किंवा फी भरू शकला नाही, तर त्याच्या मागे धावणारं एक माणूस होतं.

आज शाळा वाढल्या, इमारती झाल्या, स्मार्ट बोर्ड आले. पण ‘हा मुलगा चार दिवस का आला नाही?’ असं विचारत घरापर्यंत जाणारं माणूस मात्र कमी झालं.

पालकांना शाळेत काही अधिकार आहे का?

आहे, आणि तो बऱ्याच पालकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित खासगी शाळा वगळता इतर शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असणं बंधनकारक आहे. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. महाराष्ट्रात समितीचं अध्यक्षपद पालकाकडे असतं आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, मिळालेल्या निधीचा वापर पाहणं ही समितीची कामं आहेत.

खासगी शाळांसाठी वेगळी व्यवस्था आहे. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याची कार्यकारी समिती पालकांमधून सोडत काढून निवडली जाते. मात्र या समितीचं मुख्य काम शुल्काशी संबंधित आहे.

म्हणजे सरकारी शाळेत पालक ‘व्यवस्थापन’ पाहतात, खासगी शाळेत ‘फी’ पाहतात. मुलांशी बोलण्याचं काम मात्र यातल्या कुठल्याच समितीकडे नेमकेपणाने सोपवलेलं नाही.

स्वयंसेवकांसाठी वेगळी वाट २०२१ मध्ये उघडली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समाजातल्या लोकांनी शाळेत वेळ द्यावा, असा विचार मांडला आहे. त्यानुसार ७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘विद्यांजली’ पोर्टल नव्या रूपात सुरू करण्यात आलं. शाळेने आपली गरज पोर्टलवर नोंदवायची आणि स्वयंसेवकाने नाव नोंदवून त्यातलं काम निवडायचं, अशी ही पद्धत आहे. निवृत्त शिक्षक, नोकरदार, गृहिणी असं कुणीही त्यात सहभागी होऊ शकतं. विषय शिकवायला मदत करण्यापासून करिअरबद्दल मार्गदर्शन करण्यापर्यंत अनेक प्रकारची कामं त्यात आहेत.

समिती असते, पण काम होतं का?

या प्रश्नावर भारतातच झालेला एक महत्त्वाचा अभ्यास आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या २८० गावांमध्ये अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. यातल्या अभिजित बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिथे ग्राम शिक्षण समित्या कागदावर होत्या. पण बहुतांश पालकांना अशी समिती आहे हेच माहीत नव्हतं. काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता.

संशोधकांनी गावांचे गट पाडले. काही गावांत सभा घेऊन पालकांना समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याच्या जोडीला, आपल्या गावातली किती मुलं वाचू शकतात हे गावकऱ्यांनाच साध्या चाचणीने तपासायला शिकवलं. आणि काही गावांत या दोन्हींसोबत, ज्यांना वेळ द्यायचा आहे अशा स्थानिक तरुणांना मुलांचे वाचनवर्ग घ्यायचं प्रशिक्षण दिलं.

पहिल्या दोन प्रकारांत जवळपास काहीच बदललं नाही. पालक समितीत जास्त सक्रिय झाले नाहीत, मुलांचं वाचनही सुधारलं नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र स्वयंसेवक पुढे आले, वर्ग सुरू झाले आणि जी मुलं त्या वर्गांना आली त्यांचं वाचन लक्षणीय सुधारलं.

याचा अर्थ लोकांना मदत करायची नसते असं नाही. ‘व्यवस्थेवर लक्ष ठेवा’ असं सांगितलं की काय करायचं हे कळत नाही. ‘या दहा मुलांना रोज दोन तास असं शिकवा’ असं सांगितलं की लोक उभे राहतात. नेमकं काम आणि थोडं प्रशिक्षण, या दोन गोष्टींनी फरक पडला.

त्या अभ्यासाची दुसरी बाजूही पाहायला हवी. वर्गांचा फायदा आलेल्या मुलांनाच झाला आणि येणाऱ्या मुलांचं प्रमाण एकूण मुलांच्या तुलनेत कमी होतं. ज्या मुलाला सगळ्यात जास्त गरज असते, तोच बहुतेक वेळा येत नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण : ‘लीडर माता’

राज्यात पालकांना नेमकं काम देण्याचा मोठा प्रयोग झाला तो लहान मुलांसाठी. २०२२ मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राज्यभर राबवण्यात आलं. ‘प्रथम’ या संस्थेचा त्यात सहभाग होता. शाळेत मेळावा घ्यायचा, मूल काय करू शकतं ते आईसमोर पाहायचं आणि मग वाडी-वस्तीवर शेजारच्या आयांचे छोटे गट करायचे, अशी त्याची रचना होती. प्रत्येक गटात एक ‘लीडर माता’. व्हॉट्सॲपवर येणारी छोटी कृती ती बाकीच्यांना दाखवते आणि घरातल्याच वस्तू वापरून मुलांकडून ती करून घेतली जाते.

हे का चाललं असावं? एकतर काम छोटं होतं. डाळीचे दाणे मोजणं, भाज्यांची नावं सांगणं यासाठी आईला फार शिकलेलं असण्याची गरज नव्हती. दुसरं, काम घराजवळ होतं. तिसरं, एकटीवर भार नव्हता, चार जणी सोबत होत्या.

मात्र पहिलीच्या मुलासाठी जे उभं राहिलं, तसं नववीच्या मुलासाठी काहीच नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या आईला शाळा बोलावते, ती येते, गटात बसते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या आईला शाळा बोलावते तेव्हा बहुतेकदा तक्रार सांगायला बोलावते. आणि त्या मुलालाही आई शाळेत आलेली आवडत नाही.

म्हणूनच या वयात ‘आपल्या’ मुलाचा पालक होण्यापेक्षा ‘दुसऱ्याच्या’ मुलाचा काका किंवा मावशी होणं जास्त उपयोगी ठरू शकतं. जे मूल स्वतःच्या वडिलांना उत्तर देत नाही, ते मित्राच्या वडिलांशी तासभर बोलतं, हा अनुभव अनेक घरांत असतो.

याने खरंच फरक पडतो का?

याबद्दलचा सगळ्यात जास्त चर्चिला गेलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’च्या कार्यक्रमातल्या १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलांचा दीड वर्ष पाठपुरावा करण्यात आला आणि १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना मेंटॉर मिळाला, निम्मी प्रतीक्षा यादीत होती. मेंटॉर मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांचं सेवन सुरू करण्याची शक्यता ४६ टक्क्यांनी आणि दारू सुरू करण्याची शक्यता २७ टक्क्यांनी कमी दिसली. शाळा बुडवण्याचं प्रमाणही कमी झालं.

अमेरिकेतले आकडे सातपूर किंवा सिडकोला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तिथे मेंटॉरची निवड, प्रशिक्षण आणि देखरेख करणारे पगारी कर्मचारी होते. आपल्याकडे तो भाग बहुतेकदा गाळला जातो.

त्याच मुलांच्या माहितीवर जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये आणखी एक अभ्यास मांडला. ज्यांचं मेंटॉरशी नातं वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलं, त्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. पण ज्यांचं नातं तीन महिन्यांच्या आतच तुटलं, त्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा कमी झाला.

म्हणजे उत्साहाने सुरुवात करून दोन महिन्यांत गायब होणारा स्वयंसेवक मुलाचं नुकसान करतो. ज्या मुलाला आधीच मोठ्यांनी सोडून दिल्याचा अनुभव आहे, त्याला तोच अनुभव पुन्हा मिळतो. एका दिवसाच्या शिबिरांपेक्षा आणि फोटोपुरत्या भेटींपेक्षा काहीच न करणं बरं, असं यावरून म्हणता येईल.

मुलांच्या सुरक्षेचं काय?

बाहेरचं मोठं माणूस मुलांच्या जवळ येणार म्हटलं की हा प्रश्न टाळता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणाने राज्य हादरलं. त्यानंतर राज्य सरकारने शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती याबद्दलच्या सूचना नव्याने दिल्या. सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा निर्णय २०२२ चाच होता. अंमलबजावणी किती झाली, हा प्रश्न बदलापूरनंतर विचारला गेला.

२०२० च्या पोक्सो नियमांनुसार मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करणं आवश्यक आहे. नियमाची भाषा मात्र शिक्षक, शिक्षकेतर आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांभोवती आहे. आठवड्यातून एकदा येणारे पालक ‘कर्मचारी’ नसतात. ही पळवाट शाळेने स्वतःहून बंद करायला हवी. स्वयंसेवकालाही तीच पडताळणी लावली, तर चांगल्या हेतूने येणाऱ्या माणसाला त्याचा राग येण्याचं कारण नाही.

पोक्सो कायद्याची आणखी एक बाब स्वयंसेवकांना माहीत असायला हवी. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार शिक्षा होऊ शकते. ‘मुलाने विश्वासाने सांगितलं, मी कुणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला’ हे कारण चालत नाही. म्हणून असा शब्द आधीच देऊ नये. ‘तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल’ असं पहिल्याच भेटीत सांगणं जास्त प्रामाणिक आहे.

वेळ कोणाकडे आहे?

हा या सगळ्यातला अवघड भाग आहे. स्वयंसेवा करायला वेळ लागतो आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो.

समजा, अंबडच्या कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करणारे एक बाबा आहेत. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा आठवडा रात्रपाळी. त्यांना ‘दर बुधवारी दुपारी तीनला या’ असं सांगितलं, तर ते येऊ शकणार नाहीत. धुणी-भांड्याची चार घरं करणाऱ्या आईचंही तेच. मग शाळेत कोण येतं? ज्यांच्याकडे नोकरीची सोय आहे, गाडी आहे आणि बोलण्याचा आत्मविश्वास आहे, ते. म्हणजे गंगापूर रोडचे पालक वस्तीतल्या मुलांना ‘मार्गदर्शन’ करायला येतात आणि वस्तीतले पालक मागच्या बाकावर बसून ऐकतात.

त्याने मुलांपर्यंत एक चुकीचा संदेश जातो. आपल्या आई-बाबांकडे शिकवण्यासारखं काही नाही, हा तो संदेश. पण वायरिंग करणारे बाबा, शिवणकाम करणारी आई, सीएनसी मशीन चालवणारा काका यांच्याकडे दहावीनंतरच्या मुलाला सांगण्यासारखं बरंच काही असतं. आयटीआयचा कोणता ट्रेड घेतला तर काम मिळतं आणि ठेकेदार पगारातून काय कापतो, हे भाषण देणाऱ्या पाहुण्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

दुसरा प्रश्न बायका-पुरुषांचा आहे. शाळेच्या कामाला बहुतेकदा आयाच येतात. पण ज्या मुलांची चिंता पोलिसांना आणि समाजाला वाटते, त्यांत मुलगे जास्त आहेत. मुलग्यांना रोज भेटणारे, न ओरडणारे, न मारणारे पुरुष कमी दिसतात. ती जागा ‘भाई’ भरून काढतो. तो वेळ देतो, नावाने हाक मारतो आणि गाडीवर बसवतो. गल्लीतल्या गुंडाचं सामर्थ्य कोयत्यापेक्षा या गोष्टींमध्ये जास्त असतं.

तिसरा धोका सरकारच्या बाजूने आहे. स्वयंसेवक आले म्हणजे शिक्षकांची पदं भरायला नकोत, समुपदेशक नेमायला नको, असा अर्थ काढला जाऊ शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने ‘दत्तक शाळा’ योजना आणली, तेव्हा सरकार आपली जबाबदारी देणगीदारांवर ढकलत असल्याची टीका झाली होती. पालकांच्या वेळेबाबतही हीच सावधगिरी हवी. मानसिक आजार, व्यसन आणि घरगुती हिंसा या गोष्टी प्रशिक्षित माणसानेच हाताळायच्या असतात. काका-मावशीचं काम मुलाला तिथपर्यंत नेण्याचं आहे.

गुन्हा घडल्यानंतरही जागा आहे

बालन्याय कायदा २०१५ च्या कलम १८ मध्ये बाल न्याय मंडळाला बरेच पर्याय दिले आहेत. मुलाला आणि पालकांना समुपदेशन, गटचर्चा, समाजसेवा, किंवा चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर पालकांच्या किंवा ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली सोडणं, हे त्यापैकी काही. मुलाला कोठडीऐवजी एखाद्या जबाबदार मोठ्या माणसाकडे सोपवता येतं, ही कल्पना आपल्या कायद्यात आधीपासून आहे. अशी माणसं तयार नसतील, तर मात्र तो पर्याय कागदावरच राहतो.

मग शाळा आणि पालक काय करू शकतात?

वरच्या अभ्यासांमधून आणि कायद्यांमधून काही साध्या गोष्टी पुढे येतात.

- काम नेमकं ठरवा. ‘मुलांकडे लक्ष द्या’ हे काम नाही. ‘आठवीतून नववीत जाणाऱ्या या पाच मुलांना दर पंधरा दिवसांनी भेटायचं, कुणी शाळेत आलं नाही तर घरी जाऊन विचारायचं’ हे काम आहे.
- किमान एक शैक्षणिक वर्ष टिकेल एवढंच घ्या. आठवड्याला तीन तास जमणार नसतील, तर महिन्यात दोन तास सांगा, पण ते पाळा.
- जोडीने काम करा. दोन पालक आणि पाच-सहा मुलं. पाळी बदलली तर दुसरा असतो आणि मुलांच्या सुरक्षेच्या दृष्टीनेही ते योग्य ठरतं.
- भेट उघड्यावर ठेवा. शाळेचं मैदान, ग्रंथालय, अभ्यासिका. बंद खोलीत किंवा कुणाच्या घरी एकट्याने भेट नको. मोबाइलवर बोलायचं तर गटावर, रात्री उशिरा नाही.
- वेळ पालकांच्या सोयीची ठेवा. रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी शाळेचं आवार उघडं राहिलं, तर कामगार पालकही येऊ शकतात. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती ठराव करू शकते.
- शाळेतली एक व्यक्ती ठरवा. स्वयंसेवकांना अडलं तर कुणाला विचारायचं, हे माहीत असावं.

मदतीचे काही क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाच्या फोनमध्ये असायला हवेत. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६. दोन्ही विनामूल्य आहेत.

पुढे काय?

पोलिसांची मोहीम काही आठवड्यांत परिणाम दाखवते, त्याचे व्हिडिओ होतात. नववीतल्या मुलाला वर्षभर भेटत राहिल्याचा व्हिडिओ होत नाही. तो मुलगा बारावी झाला, आयटीआयला लागला, कामावर जाऊ लागला, तर त्याची बातमीही होत नाही. न घडलेल्या गुन्ह्याची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात होत नसते.

म्हणून या कामाला निधी मिळवणं आणि श्रेय मिळवणं दोन्ही अवघड आहे. पण शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीनंतर आणखी एक विषय घेता येईल. आठवी पास होऊन गेलेली आपली मुलं आता कुठे आहेत? त्यांची यादी काढायला एक वही आणि एक संध्याकाळ पुरते. त्या यादीतल्या ज्या नावापुढे कुणालाच काही लिहिता येणार नाही, त्याच्या घरी आधी जावं लागेल.